कुणाचं ओझं, कुणावर

"साहेब, चार्ज टाकायचा राहिला होता, म्हणून मी वर चढलो."

एका फाउंड्री कामगाराने नुकसानभरपाईच्या दाव्यात दिलेली ही साक्ष. निकालावर अपील झालं, कागद हायकोर्टात जायचे म्हणून साक्षीचा इंग्रजी अनुवाद हवा होता. वकिलांच्या ऑफिसातल्या नव्या मुलाने केलेला मसुदा माझ्याकडे तपासायला आला. त्यात या वाक्याचं 'ॲज माय चार्ज वॉज पेंडिंग, आय क्लाइम्ड अप' असं झालेलं होतं. व्याकरणात काही खोट नव्हती. मुख्य शब्द तर कामगाराच्याच तोंडचा होता, तो जसाच्या तसा ठेवला होता. पण मुंबईत बसून हा कागद वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळलं असतं, की या माणसावर कसला तरी आरोप प्रलंबित होता आणि त्या भानगडीत तो कुठेतरी वर चढला.

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागात ज्यांनी ओतकाम पाहिलं आहे, त्यांना 'चार्ज टाकणं' समजावून सांगावं लागत नाही. कपोला भट्टी म्हणजे उभं, उंच नळकांडं. वरच्या अंगाला एक दार असतं. त्यातून ठरलेल्या प्रमाणात कोक, चुनखडी, पिग आणि भंगार लोखंड आत टाकायचं, खालून हवेचा झोत सुरू असतो, आणि अगदी खालच्या भोकातून वितळलेलं लोखंड बाहेर येतं. एका वेळी टाकायच्या त्या मालाला चार्ज म्हणतात. एक थर खाली बसला की पुढचा चार्ज. आता बऱ्याच ठिकाणी विजेच्या इंडक्शन भट्ट्या आल्या, पण शब्द तोच राहिला. तर त्या कामगाराला सांगायचं होतं ते असं: भट्टीत मालाचा एक हप्ता अजून टाकायचा होता, ते माझं काम होतं, म्हणून मी फलाटावर चढलो आणि तिथे पडलो. १९२३ च्या भरपाई कायद्यात सगळा खटला याच मुद्द्यावर उभा असे, की अपघात नोकरीच्या कामातून आणि काम चालू असताना झाला का. मालकाच्या वकिलांचं म्हणणं होतं, त्याला वर जायचं कारणच नव्हतं. कारण त्या एका शब्दात होतं, आणि मसुद्यात नेमकं तेच हरवलं होतं.

मी कोल्हापुरात कोर्टाच्या आणि बँकांच्या कागदांचे अनुवाद करते. दोन्ही दिशांनी. १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली, त्यामुळे साक्षी, अर्ज, पंचनामे मराठीत होतात. हायकोर्टाची भाषा संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार इंग्रजी. मधल्या उंबऱ्यावर आम्ही अनुवादक बसलेले. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत हायकोर्ट आलं. पक्षकारांचा मुंबईचा हेलपाटा वाचला, पण उंबरा तसाच आहे.

इंग्रजीत सगळ्यांत जास्त अर्थ कोणत्या शब्दाला, याची चर्चा कोशकार मंडळी आवडीने करतात. ऑक्सफर्ड कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट'ची नोंद सर्वांत लांब होती; पुढे 'रन'ने तिला मागे टाकलं. मला त्या दोघांची कधी अडचण झाली नाही. 'सेट' आणि 'रन' यांच्या आजूबाजूचे शब्दच अर्थ सांगून टाकतात. 'चार्ज'चं तसं नाही. त्याचे अर्थ एकमेकांच्या इतके जवळ राहतात, की एका अर्थाच्या जागी दुसरा बसला तरी वाक्य वाचताना खटकत नाही. शिवाय ते राहतात पोलीस ठाण्यात, तलाठी कार्यालयात, बँकेत, सरकारी कचेरीत, म्हणजे चुकीची किंमत मोजावी लागते अशाच जागी.

या शब्दाचं मूळ कळलं तेव्हापासून माझं काम पुष्कळ सोपं झालं. लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे गाडा. त्यावरून गाड्यावर माल लादणं या अर्थाचं क्रियापद झालं, ते फ्रेंचमधून इंग्रजीत 'चार्ज' म्हणून आलं. 'कार', 'कॅरी', 'कार्गो' ही सगळी त्याच घरातली. इतकंच काय, 'कॅरिकेचर'सुद्धा. नाक-कान वाजवीपेक्षा जास्त लादलेलं चित्र. म्हणजे 'चार्ज'च्या पोटात सगळीकडे ओझं आहे. भट्टीत टाकलेला माल हे ओझं. माणसाच्या नावावर ठेवलेला गुन्हा हे ओझं. जमिनीवर चढलेलं कर्ज, अधिकाऱ्याच्या गळ्यात पडलेलं पद, ग्राहकाच्या बिलात घातलेली रक्कम, सगळी ओझीच. आणि आपल्याकडे ज्यांनी ज्यांनी या अर्थांना मराठी शब्द शोधले, त्यातल्या कित्येकांनी नकळत किंवा जाणून ओझ्याचेच शब्द उचलले आहेत: कार्यभार, पदभार, प्रभार, बोजा. शाळेच्या ऑफिसात 'प्रभारी मुख्याध्यापक' अशी पाटी असते आणि शेजारच्या वर्गात मुलं 'ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन' शिकत असतात. एकाच शब्दाची ही दोन रूपं पाहून मला फार आनंद होतो. परिभाषा घडवणाऱ्यांना आपण नेहमी बोल लावतो, पण इथे त्यांनी मुळाशी हात घातला आहे.

तेव्हापासून कागदात 'चार्ज' दिसला की मी आधी एक प्रश्न विचारते: ओझं कुणी ठेवलं आणि कुणावर? उत्तर मिळालं की मराठी शब्द आपोआप पुढे येतो. उत्तर मिळालं नाही, तर तो कागद मला कळलेला नाही असं समजून वकिलांना फोन करते.

सगळ्यांत जास्त वेळ जातो तो फौजदारी कागदांत. इथे ओझं तीनदा ठेवलं जातं, तीन वेगवेगळ्या हातांनी, आणि वर्तमानपत्रात तिन्हींना आपण 'आरोप' म्हणतो. आधी फिर्यादी सांगतो, अमक्याने हे केलं. ते त्याचं म्हणणं. मग पोलीस तपास करून कोर्टात कागद दाखल करतात. त्याला सगळे 'चार्जशीट' म्हणतात, मराठीत आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने १७३ व्या कलमात त्याला नाव दिलं होतं ते नुसतं पोलिसांचा अहवाल. तो पोलिसांचा निष्कर्ष. त्यानंतर न्यायाधीश ते कागद वाचून ठरवतात, की खटला चालवण्याइतका आधार आहे का. आहे असं वाटलं तरच ते स्वतः लिहून काढतात: तू अमक्या दिवशी, अमक्या ठिकाणी, हे कृत्य केलंस, आणि ते अमक्या कलमाखाली गुन्हा आहे. कायद्याच्या भाषेत 'चार्ज' हा एवढाच. संहितेच्या मराठी पाठात त्याला 'दोषारोप' म्हटलं आहे, आणि तो शब्द मी हट्टाने वापरते. कानाला जड आहे, मान्य. पण 'पोलिसांनी आरोप ठेवले' आणि 'न्यायालयाने दोषारोप ठेवला' या दोन वाक्यांच्या मध्ये एका माणसाची अब्रू लटकत असते. दोन्हींना एकच शब्द घातला तर पोलिसांच्या कागदालाच न्यायालयाचं वजन येतं.

या दोषारोपाबद्दल कायद्याची एक अट मला फार मोलाची वाटते. संहितेच्या २११ व्या कलमात होती, जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या २३४ व्या कलमातही आहे: दोषारोप न्यायालयाच्या भाषेत लिहिला पाहिजे. आणि तो आरोपीला वाचून दाखवून, समजावून सांगून मगच विचारायचं, की गुन्हा कबूल आहे का. कायदा नुसतं वाचून दाखवण्यावर थांबत नाही. ज्याच्या डोक्यावर ओझं ठेवायचं, त्याला ते काय आहे हे समजलं पाहिजे, एवढी माणुसकी 'समजावून' या एका शब्दात आहे. अनेक जुन्या कागदांत दोषारोप इंग्रजीत टंकलेला असतो आणि खाली ठरलेली ओळ असते, की मजकूर आरोपीला देशी भाषेत वाचून समजावला. ती ओळ मी अनुवादताना दरवेळी थबकते. तिच्या मागे त्या दिवशी प्रत्यक्ष कोणते मराठी शब्द उच्चारले गेले, ते कागदावर कुठेच नसतं. ते असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

उलट्या दिशेने, मराठीतून इंग्रजीत जाताना, श्रीमंती आपल्या बाजूला असते आणि अडचणही. माणसं साक्षीत 'आरोप' क्वचितच म्हणतात. घरकाम करणारी एक बाई सांगते, "माझ्यावर चोरीचा आळ आला." दुसरा म्हणतो, "नसतं किटाळ माझ्यावर आलं." तिसऱ्याची म्हातारी आई, "पोरावर बालंट रचलं ओ त्यांनी." किटाळ म्हणजे मुळात ठिणगी, कुठून तरी उडते आणि आपल्या अंगावर पडते, आपण काही केलेलं नसतं. बालंट कुणीतरी रचावं लागतं, त्यात कारस्थान आहे. आळ खोटा असतो, हे त्या शब्दातच आहे. खऱ्या चोराला सापडल्यावर कुणी आळ म्हणत नाही. या तिघांनाही इंग्रजीत 'चार्ज' म्हटलं, तर त्या बाईवर पोलिसांनी गुन्हा ठेवला होता असा अर्थ होतो, आणि खोटेपणा गळून पडतो. मी 'फॉल्सली अक्यूज्ड' लिहिते. यावर एकदा विरुद्ध बाजूच्या वकिलांनी हरकत घेतली: बाई 'खोटा' म्हणाल्याच नाहीत, अनुवादकाने पदरचं घातलं. त्यांचा मुद्दा हलका नव्हता. अनुवादकाने पक्ष घेता कामा नये हे मलाही मान्य आहे. पण मी बाजू बाईची घेतली नव्हती, तिच्या शब्दाची घेतली होती. आळ खरा की खोटा हे न्यायाधीश ठरवतील. ती खोटा म्हणत होती, हे मात्र त्यांच्यापर्यंत पोचलं पाहिजे. मी कोशातले अर्थ जोडून तसं लिहून दिलं आणि तो शब्द राहिला.

जुन्या मराठी कागदांत 'तोहमतनामा' सापडतो. आरोपपत्राला हा शब्द आपल्याकडे बराच काळ चालला. अरबीतून फारसीमार्गे आलेला 'तोहमत' बोलीत आला तो संशयाचा, बट्ट्याचा वास घेऊन, तरी कचेरीच्या कागदावर तो अगदी कोरडा, नियमाचा शब्द होता. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचा कागद आला की मी आजच्या कानाने त्याचा अर्थ लावत नाही.

खात्याच्या चौकश्यांमध्ये वेगळीच खबरदारी घ्यावी लागते. १९७९ च्या नागरी सेवा (शिस्त व अपील) नियमांत सरकारी कर्मचाऱ्यावर ठेवायचे ते दोषारोप. बोलताना लोक म्हणतात, "साहेबांनी ठपका ठेवला." पण त्याच नियमांमध्ये 'ठपका ठेवणे' ही शिक्षा आहे, शिक्षांच्या यादीतली पहिली. म्हणजे चौकशी सुरू होतानाच्या कागदात कुणी 'ठपका' लिहिलं, तर चौकशीआधीच शिक्षा झाली. असे मसुदे माझ्याकडे येतात आणि मी ते परत पाठवते.

'चार्ज'चा एक अर्थ आता आपल्या कोर्टांतून नाहीसा झाला आहे, पण तो कळल्याशिवाय महाराष्ट्रातला सर्वांत गाजलेला खटला वाचता येत नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी नानावटी खटल्याच्या निकालाचा सारांश मराठीत करत होते, तेव्हा त्यात पुन्हा पुन्हा 'चार्ज टू द ज्युरी' येत होतं. १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात नौदलाचे कमांडर नानावटी यांच्यावर खुनाचा खटला चालला, ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही म्हणून त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टाने शिक्षा दिली, आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. लोकांना एवढं माहीत असतं. कौल बाजूला ठेवण्याचं कायदेशीर कारण फारसं कुणी सांगत नाही: न्यायाधीशांनी ज्यूरीला दिलेला 'चार्ज' सदोष होता.

इथे चार्ज म्हणजे आरोप नाही. पुरावा संपल्यावर न्यायाधीश ज्यूरीला सगळा पुरावा थोडक्यात सांगत, लागू असणारा कायदा समजावत आणि निर्णयाची जबाबदारी तिच्यावर सोपवत. १८९८ च्या जुन्या संहितेत यासाठी स्वतंत्र कलम होतं. मी 'ज्यूरीला केलेलं मार्गदर्शन' असं लिहिलं, आणि पहिल्यांदा तो शब्द येतो तिथे हे सोपवणं एका वाक्यात उलगडलं. ओझ्याचा प्रश्न इथेही लागू पडला. हायकोर्टाला त्या मार्गदर्शनात जे दोष सापडले, त्यांतला एक असा, की गोळी अपघाताने सुटली हा बचाव सिद्ध करण्याचा भार कायद्याने कुणावर टाकला आहे, हे ज्यूरीला नीट सांगितलं गेलं नव्हतं. न्यायाधीशांनी ज्यूरीवर जबाबदारी ठेवली, पण पुराव्याचं ओझं कोणाच्या खांद्यावर आहे ते सांगायचं राहिलं. एवढा मोठा निकाल त्या एका भाषणावर फिरला. १९७३ च्या संहितेत ज्यूरी राहिली नाही, आणि त्याबरोबर हा अर्थही गेला.

शेतीच्या कागदांकडे वळलं की शब्द एकदम ओळखीचा होतो. पन्हाळ्याकडचे एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. बँकेच्या मुख्य कार्यालयातून इंग्रजी पत्र आलेलं, जमिनीवरचा चार्ज 'सॅटिस्फाइड' झाल्याचं. नातवाने शाळेतल्या इंग्रजीवर आजोबांना सांगितलं होतं, बँकेने तुमच्यावर चार्ज लावलाय आणि ते समाधानी आहेत. आजोबा दोन रात्री झोपले नव्हते.

"काका, बोजा फिटला म्हणून पत्र आहे हे," मी म्हटलं.

"बोजा व्हय? मग तसं लिवायचं की."

एवढ्या एका शब्दावर त्यांचा चेहरा सैल झाला. बोजा त्यांना ठाऊक होता. सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' या रकान्यात सोसायटीचं नाव आणि रक्कम लिहिलेली त्यांनी जन्मभर पाहिली होती. सोसायटीचं कर्ज घेताना इकरार करून द्यायचा, त्यावरून फेरफार पडतो, बोजा चढतो. कर्ज फिटलं की दाखला आणून तो उतरवायचा, ही भाषा त्यांच्या हाडीमाशी होती. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याचं ४८ वं कलम त्यांनी वाचलं नव्हतं, पण इकरार म्हणजे त्याचीच अंमलबजावणी.

'बोजा'ला कुणी 'गहाण' म्हटलं की मात्र मी अडते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०० व्या कलमाने बोजा गहाणाहून वेगळा ठरवला आहे. गहाणात मिळकतीतला हक्कच दुसऱ्याकडे जातो, देणं फिटेपर्यंत. बोज्यात हक्क मालकाचाच राहतो. फक्त त्या मिळकतीतून पैसे वसूल करून घेण्याचा अधिकार समोरच्याला असतो. शेतकऱ्याच्या कानाला हा फरक फार मोठा आहे. गहाण म्हटलं की जमीन गेल्यासारखी वाटते, आणि त्या धास्तीत माणूस नको तिथे नको त्या कागदावर अंगठा देतो. आजोबांना मी हेही सांगितलं, की बँकेच्या पत्राने सातबारा आपोआप कोरा होत नाही. हे पत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या, फेरफार पडू दे, मंडळ अधिकारी तो मंजूर करतील, मग बोजा कमी झालेला नवा उतारा काढून जपून ठेवा. हे सांगणं अनुवादकाचं काम नाही असं कुणी म्हणेल. शब्दाचं ओझं कागदावर कुठे लिहिलेलं असतं हे ज्याला माहीत आहे, त्याने ते सांगायचं नाही तर कुणी सांगायचं?

विजेच्या बिलात 'चार्ज'चं मराठी होतं 'आकार': स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. हा शब्द ओझ्याचा नाही, महसुलाचा आहे. शेतसाऱ्याची आकारणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिथून तो उचलला. नेमका आणि आपला. बँकांनी मात्र 'शुल्क', 'आकार', 'चार्जेस' असे तिन्ही एका पानावर मिसळून टाकले आहेत. एका पानावर एकच ठेवा, एवढंच मी त्यांना सुचवते.

एक अर्थ असा आहे, की त्याचा अनुवाद करताना हात जड होतो. मोर्चा पांगवताना पोलीस करतात तो लाठीचार्ज. आपल्याकडे लाठीमार, लाठीहल्ला. आणि बातम्यांमध्ये, पत्रकांमध्ये 'सौम्य लाठीमार' किंवा 'सौम्य बळाचा वापर'. कायद्यात लाठीचा उल्लेख नाही. बेकायदा जमाव बळाने पांगवण्याचा अधिकार तेवढा दिला आहे. पोलिसांच्या प्रतिज्ञापत्रात 'माइल्ड फोर्स' असेल तर मी 'सौम्य बळ' लिहिते, कारण ते त्यांचं म्हणणं आहे आणि ते मी बदलू शकत नाही. पण त्याच फाइलमध्ये मार खाल्लेल्या मुलीची साक्ष असते, "आम्हाला गुरासारखं बडवलं." तिच्या 'बडवलं'चा 'लाठीचार्ज' मी कधीही होऊ देत नाही. लाठीचार्ज म्हटलं की करणारा एक यंत्रणा होतो आणि सोसणारा वाक्यात उरतच नाही. बडवलं म्हटलं की एक हात आहे आणि एक पाठ आहे. तिने जे सांगितलं त्यात पाठ होती. इंग्रजीत त्यासाठी साधं, जुनं 'बीट' आहे, ते पुरतं.

आता 'डिसचार्ज'. ओझं उतरवणं. चार्जइतकाच हाही पसरलेला, आणि कोल्हापुरात तो पावसाळ्यात प्रत्येकाच्या घरात शिरतो. राधानगरीचे दरवाजे उघडले की इंग्रजी वृत्तात डिसचार्ज, मराठीत विसर्ग. किती क्युसेक विसर्ग सुरू आहे हे इथली शाळकरी पोरंही सांगतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. त्यानंतरचे कित्येक महिने माझ्या टेबलावर विम्याचेच कागद होते. बुडालेली दुकानं, भिजलेला कापडाचा माल, गाळाने भरलेल्या मोटारी. एका कापड व्यापाऱ्याच्या फाइलमध्ये तीन कागद एकावर एक होते: पाहणी अहवालात धरणाचा डिसचार्ज, पुरातून बोटीने हलवलेल्या त्यांच्या वडिलांची दवाखान्याची डिसचार्ज समरी, आणि विमा कंपनीने सहीसाठी पाठवलेलं डिसचार्ज व्हाउचर. पहिला विसर्ग. दुसरा घरी सोडल्याचा कागद. फौजदारी कोर्टातला डिसचार्ज याहूनही वेगळा. तिथे दोषारोप ठेवायलाच आधार नाही म्हणून माणसाला सोडतात, खटला चालून निर्दोष सुटणं निराळं.

तिसऱ्या कागदाबद्दल ते व्यापारी म्हणाले, "ताई, ही पावती आहे ना? पैसे मिळाले म्हणून सही करायची."

पावती होतीच, पण तेवढीच नव्हती. छापील मजकूर सांगत होता, की ही रक्कम माझ्या संपूर्ण दाव्याच्या पूर्ण आणि अंतिम फेडीपोटी स्वीकारत आहे आणि यापुढे माझी काही मागणी राहणार नाही. ओझं उतरत होतं, पण कुणाचं? कंपनीचं. व्यापाऱ्याच्या अंगावरचं होतं तसंच होतं, कारण लिहिलेली रक्कम मागितलेल्या रकमेच्या खूप खाली होती. 'भरपाईची पावती' असं मराठी केलं असतं तर त्यांनी तिथेच सही केली असती. मी सगळा मजकूर मराठीत लिहून त्यांच्या हाती दिला आणि सहीआधी वकिलांना दाखवा म्हटलं. त्यांनी दाखवला, आणि वकिलांनी सांगितल्याप्रमाणे उरलेल्या रकमेवरचा हक्क राखून ठेवल्याचं लेखी कळवून मगच पैसे घेतले.

पूर दर काही वर्षांनी येणार, २०२१ ला पुन्हा आलाच. विमा कंपन्यांनी हे व्हाउचर स्वतःच मराठीत छापून ग्राहकाला द्यायला हवं, आणि त्याचं नाव सही करणाऱ्याला कळेल असं हवं. तोवर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक व्हाउचरच्या अनुवादावर मी ठळक अक्षरांत हे शीर्षक घालते: 'पूर्ण व अंतिम भरपाई मिळाल्याची कबुली आणि पुढील मागणी सोडल्याचा लेख'. लांबलचक आहे, फॉर्मच्या चौकटीत मावत नाही, एका बँकेच्या अधिकाऱ्याने ते लहान करून मागितलं. मी लहान केलं नाही.